वहिनींची वेबसाइट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगितलं तर ती वहिनींना सांगेल — आणि मग? म्हणून तुमच्याजवळ बोलतो.

मी नांदुऱ्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. आमचं घर अमडापूरला. तिथली शेती मोठा भाऊ पाहतो. शेतातलं मला काडीचं कळत नाही. घरी मला मान आहे तो एकाच गोष्टीचा — कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा ऑनलाइन अर्ज राहिला, की "भाऊजी येऊ द्या." हे ऐकायला मला किती आवडतं, ते मी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

वहिनी लग्नाची रुखवतं करतात. साखरेचं तुळशीवृंदावन, डाळींचा गालिचा, सुपारीचे नवरा-नवरी. पण पाहावं ते त्यांचं मांडणं. मांडलेलं पुन्हा उचलतात, लांब जाऊन डोळे बारीक करून बघतात, परत हलवतात. त्यांना स्वतःची वेबसाइट हवी होती. म्हणाल्या, "भाऊजी, मले असं सॉफ्टवेअर सांगा, रुखवतासारखं इथलं उचलून तिथं ठेवता आलं पाह्यजे. दर लग्नाचे फोटो मीच बदलवीन."

असं सॉफ्टवेअर होतं. मला ठाऊक होतं — बोटानं फोटो सरकवायचा, मराठीत लिहायचं, झालं. शाळेतली सहावीची मुलं त्यावर पानं बनवतात. आणि मी काय सांगितलं? तो पोरखेळ आहे, वहिनी, धंद्याला पक्कं काहीतरी पाहिजे. मग निवडलं ते दुसरंच — सगळं इंग्रजीत, एक बटण चुकलं की पान विस्कटणारं. पक्कं होतं, ते खोटं नाही. पण वहिनींसाठी नव्हतं, हे मला तेव्हाच — अगदी तेव्हाच — कळत होतं.

दुपारची भांडी आवरून त्या लॅपटॉप घेऊन बसायच्या. एकदा मी सुट्टीत घरी होतो, तेव्हा फोटो बदलताना सगळं पान कोरं झालं. मी गेलो, स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली — त्यांना दिसू नये म्हणूनच — आणि झटक्यात नीट केलं. वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "काऊन जमून नाही राह्यलं मले? माह्या डोक्याचं कामच नाही हे."

तेव्हा बोलता आलं असतं. सॉफ्टवेअर बदलायला एक दुपार पुरली असती. मी म्हणालो, "असू द्या, वहिनी. मी आहे ना." आणि मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. त्यानंतर त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

परवा डोणगावच्या एका लग्नात त्यांच्या रुखवताभोवती गर्दी होती. एका मुलीनं विचारलं, वेबसाइटही तुम्हीच केली का? वहिनी हसल्या. "नाही बापा! आमच्या भाऊजीनं. मी अडाणी, मले त्यातलं काय समजते?" अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं. ज्या बाईला सगळं गाव हुशार म्हणतं, तिला अडाणी कुणी केलं? मी हसून मान डोलावली.

आज दुपारी त्यांचा फोन आला. साइटवर अजून पहिलेच फोटो आहेत. डोणगावचे चढवायचे होते. "फुरसत भेटली तं पाह्यजा, भाऊजी. घाई नाही." पाहतो, म्हणालो. फोन ठेवला, आणि सहावीच्या मुलांनी त्या बोटानं सरकवायच्या सॉफ्टवेअरवर केलेली पानं तपासत बसलो.