वाट बघायची ती उभं राहून

"वाट बघायची ती उभं राहून," असं म्हणून सिस्टर पदर कमरेला खोचायच्या, तेव्हा समोरच्याने ओळखायचं, की आता आपली सुटका नाही.

आमच्या दवाखान्यात सगळे त्यांना सिस्टर म्हणत आणि पेशंट बायका दीदी. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी सकाळी साडेआठला बाई हजर. पगार नाही, बसायला खुर्ची नाही, पण अधिकार पूर्वीइतकाच. मी औषधांच्या खिडकीवर. आमचं घर बनारसच्या दुर्गाघाटाकडे, कितीतरी पिढ्यांपासून. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. सिस्टर नगरकडच्या ख्रिस्ती. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी बनारसला आल्या आणि तो गेल्यावरही इथंच राहिल्या. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, 'दवाई संपून गेली' काय म्हणतेस? औषध संपलं, म्हण!" तेव्हापासून आमचं रोजचं भांडण मराठीत आणि काम हिंदीत.

दर गुरुवारी दुपारी त्या शिवपूरकडच्या चर्चच्या मागच्या खोलीत बायकांचा वर्ग घेत. मी ख्रिस्ती नाही, पण सुट्टी असली की जाऊन बसायचे. खरं सांगायचं तर ऐकायला मजा यायची. पंधरा-वीस बायका, बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या. त्यांना सिस्टर बायबलातल्या बायकांविषयी सांगत आणि तेही शेजारच्या बाईबद्दल बोलावं तसं.

त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक प्रचारक बोलायचे. जगाचा शेवट आला, हे वर्ष शेवटचं, आता संसारात मन घालू नका, असं. मागे ढग आणि गडगडाटाचं संगीत. बायका घाबरून गेल्या होत्या. एकीने पोरीचं नाव शाळेतून काढलं. दुसरीने गळकं छप्पर तसंच ठेवलं.

सिस्टर चिडल्या. "प्रभू येणार, हे मीही मानते," त्या वर्गात म्हणाल्या. "पण शेवटच्या दिवसाबद्दल तो काय म्हणाला, ते नीट वाचलंय का कुणी? दोन बायका जात्यावर दळत असतील म्हणाला. म्हणजे त्या दिवशीही दळण चालूच! कुणी हातपाय गाळून बसलेली नाही. आणि त्या हालात त्याला कोण आठवलं? गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई. त्यांचं कसं होईल, याची त्याला काळजी. ह्या फोनमधल्या साहेबांना एकदा तरी पाजणारी बाई आठवली का?"

बायका हसल्या. ही गोष्ट चर्चच्या कमिटीपर्यंत पोचली. महिनाभरात पत्र आलं, की बायकांचा वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद. प्रचारक लवकरच त्या चर्चला भेट देणार होते आणि त्याआधी कुणाला वाद नको होता.

सिस्टरांनी ते पत्र माझ्या खिडकीच्या गजांमधून आत ढकललं. "वाच. मला चष्मा लावून पुन्हा वाचायचा संताप येतो."

मग त्या दर रविवारी कमिटीच्या सेक्रेटरीकडे जाऊ लागल्या. येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे म्हणे. एक विधवा निगरगट्ट न्यायाधीशाकडे रोज जाते, आणि शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. सेक्रेटरी मात्र कंटाळणारा नव्हता. "ऊपर से आया है, दीदी," म्हणायचा आणि चहा-बिस्किटं पुढे करायचा.

"त्या विधवेला न्याय मिळाला," सोमवारी सिस्टर मला सांगत. "मला चहा मिळतो."

वर्ग बंद झाला त्याच सुमारास सुनैनाने गोळ्या सोडल्या. सुनैना वर्गातलीच, तिशीच्या आतली, नवरा पंजाबात मजुरीला, एक चार वर्षांची मुलगी. तिला टीबी झाला होता. सहा महिन्यांचं औषध, दोन महिने झाले होते. खोकला थांबला, वजन थोडं वाढलं, आणि बाई खिडकीवर यायची बंद झाली. सिस्टर तिच्या खोलीवर गेल्या, तर म्हणाली, "अब कितने दिन की बात है, दीदी? प्रभु आ ही रहे हैं."

तेव्हापासून सिस्टर रोज सकाळी तिच्याकडे जाऊन तिला गोळ्या खाऊ घालायच्या आणि मग दवाखान्यात यायच्या. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, दोन ऑटो बदलून जायच्या. सुनैना समोर गोळी तोंडात टाकायची आणि पाठ वळली की थुंकायची. एकदा त्यांना चुलीमागे आठ गोळ्या सापडल्या.

माझाही जीव मेटाकुटीला आला होता. सिस्टर रोज खिडकीवर येऊन सुनैनासाठी नियमाबाहेरचं काही मागायच्या, रांग खोळंबायची, लोक माझ्यावर ओरडायचे. शेवटी मी म्हणाले, "सिस्टर, सोडा आता. एकीच्या मागे किती लागायचं? तिलाच जगायचं नाही."

त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी उशिरा आल्या, चेहरा पडलेला. कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाल्या, "आज मी तिला म्हटलं, मर मग. असंच म्हटलं, पोरीसमोर." पाण्याचा पेला तसाच हातात राहिला. "चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाला असं बोलले नव्हते गं."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेल्या, तर खोलीला कुलूप. सुनैना मुलीला घेऊन माहेरी गेली होती, सैदपूरच्या पुढच्या एका खेड्यात.

सिस्टरांनी आठवडाभर वाट पाहिली. फोन लागत नव्हता. मग एका सकाळी पदर खोचून खिडकीशी उभ्या. "रजा टाक. गाझीपूरची बस नवाला सुटते, सैदपूरवरून जाते."

मी का गेले, मला अजून सांगता येत नाही. बहुधा माझ्याही मनात ते 'सोडा आता' टोचत असावं. बसमध्ये त्या रस्ताभर देवावर चिडलेल्या. "रोज प्रार्थना करते, हिला अक्कल दे म्हणून. देत नाही. मलाही थोडा धीर द्यायला काय जातं त्याचं?"

सुनैनाला गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं होतं. खाटेखाली राखेचं घमेलं आणि राखेवर रक्त. मुलीला मामाकडे पाठवलेलं. सुनैनाची आई लांब आंब्याखाली पाठ करून बसली होती. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "देखा नहीं जाता."

सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्या गुडघ्यांनी कशा बसल्या, देव जाणे. त्यांच्या नगरी हिंदीत तिला हागारची गोष्ट सांगू लागल्या. मालकाने घरातून काढलेली दासी. वाळवंटात पाणी संपलं, तशी तिने पोराला झुडपाखाली टाकलं आणि त्याचं मरण बघवत नाही म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन रडत बसली. "तेरे जैसा ही," सिस्टर म्हणाल्या. "देवदूत आया. क्या बोला मालूम? उठ, बच्चे को उठा, हाथ में पकड़. तब उसको कुआँ दिखा. कुआँ वहीच था."

म्हातारीने पदराने डोळे पुसले. मग उठली, पडवीत गेली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

सुनैनाने डोळे उघडले. सिस्टरांना बघून हसल्यासारखं केलं. "आप आईं, दीदी? हम तो सोचे थे, प्रभु आएँगे."

"वो भी आएँगे," सिस्टर म्हणाल्या. "पहले गोली खा."

आणि मग भिंतीला डोकं टेकून त्या रडल्या. मी त्यांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

आम्ही तिला त्याच दिवशी भाड्याच्या जीपमधून बनारसला आणलं. तपासण्या पुन्हा, औषध पहिल्या दिवसापासून पुन्हा. आधीचे दोन महिने वाया. यावेळी आई सोबत राहिली आणि रोज गोळी गिळेपर्यंत लेकीचा जबडा धरून बसली. बाई वाचली. आता एका शाळेत पोळ्या लाटते.

तुम्हाला वाटेल, इथं सगळं नीट झालं. मलाही तसं वाटायला हवं होतं. पण प्रचारकांचं ते वर्ष सरलं, तसं त्यांनी नवं वर्ष सांगितलं, आणि लोकांनी तेही ऐकून घेतलं. शाळेतून काढलेली ती मुलगी परत शाळेत गेली नाही. कमिटीने वर्ग सुरू करू दिला नाही, आणि नाही असंही कधी सांगितलं नाही. सिस्टर शेवटपर्यंत रविवारी जात राहिल्या. "मी काय वाईट शिकवलं गं?" त्या मला विचारायच्या. मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत राहायचे. सेक्रेटरीचा इतका राग यायचा, की एकदा तो औषधाला आला तेव्हा त्याला मी मुद्दाम तासभर रांगेत ठेवलं. त्यानेही काही फरक पडला नाही.

गेल्या थंडीत सिस्टर वॉर्डातच कोसळल्या. एका नव्या नर्सला सलाईन नीट लावत नाही म्हणून ओरडत असताना. तिसऱ्या दिवशी गेल्या.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. चर्चचे पाळक नवे, सिस्टरांना फारसे न ओळखणारे. कागदावरून वाचत म्हणाले, "हमारी बहन ने जीवन भर बड़ी शांति और धीरज से प्रभु की प्रतीक्षा की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तिथं परकी, मी काय बोलणार?

मागच्या बाकावरून सुनैना उभी राहिली. तिचा आवाज आता खणखणीत आहे. "शांति से नहीं, साहब. बहुत चिल्लाती थीं."

पाळक थांबले. पहिल्या रांगेतल्या सेक्रेटरीने मान वळवून तिला खाली बसायची खूण केली. ती बसली नाही. तिच्याशेजारची तिची आई उठली, मग गुरुवारच्या वर्गातली एक, मग दुसरी, मग सगळ्याच. विधी संपून पेटी बाहेर नेईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.