एकाच सिनेमाची मावशी

“थांबा बाप्पा,” असं म्हणून मावशी रिमोट असा रोखायची की पडद्यावरचा चोर तर थांबायचाच, पण सोफ्यावरच्या आमच्याही तोंडातला घास तिथेच अडायचा. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायची, “आता सांगा, या वेळेले या पोट्ट्याच्या घरी कोण होतं?”

सिनेमा दर महिन्याला तोच. महायुद्ध संपल्यानंतरचं लंडन, काळं-पांढरं चित्र, पडक्या इमारती आणि त्यांच्या आडोशाला वाया जाणारी पोरं. लायब्ररीच्या सेलमध्ये तिला ती डीव्हीडी मिळाली होती. मावशी मूळची नागपूरची. अमेरिकेत मॉरिसव्हिलला येऊन तिने तीस वर्षं कोर्टात नोकरी केली. गुन्हा करून सापडलेल्या अल्पवयीन मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलायचं, हे तिचं काम. रिटायर झाली तरी सवय सुटेना, म्हणून पहिल्या शनिवारी दुपारी आम्हा मराठी मंडळींना मुलांसकट घरी बोलवायची. येताना प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि जाताना थोडं शहाणपण न्यायचं, अशी बोली होती. पदार्थ नेहमी संपायचे.

सिनेमातला पोरगा एक घड्याळ चोरतो आणि आईला सांगतो, मित्राने दिलं. आई बटाटे सोलत असते. ती मान वर न करता ‘बरं’ म्हणते. इथे मावशी थांबवायची आणि आमची जुंपायची. एक काका आईला दोष द्यायचे, त्यांची बायको बापाला. आयटीतल्या एकाने तर एकदा कारणमीमांसेसाठी घरून व्हाइटबोर्ड आणला. मुलं पिझ्झा खात कुरकुरायची, “मावशी, नोबडी टॉक्स लाइक दॅट.” इंग्रजी सिनेमा इंग्रजी सबटायटल्स लावून बघणारी अमेरिकन मुलं मी तिथेच पाहिली. असं वर्षानुवर्षं चाललं, पण त्या ऐंशी मिनिटांच्या सिनेमाचा शेवट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. तिथवर आम्ही कधी पोचलोच नाही.

त्या चर्चेत मी फार बोलायचो. मुलं लहान असतात तोवर माणसाला पालकत्वातलं सगळं कळत असतं.

मग माझी मुलगी सोळाव्या वर्षी मॉलमधल्या एका दुकानात चोरी करताना सापडली. पर्समध्ये तीन लिपस्टिक. विकत घेतलेल्या घरी खणभर पडल्या होत्या. दुकानातून फोन आला म्हणून धावत गेलो, तर आतल्या खोलीत खुर्चीवर ती अंग चोरून बसली होती. आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार तिचा आला नाही, लोक काय म्हणतील हा आला. दुसऱ्याच दिवशी मावशीकडचा शनिवार होता. मी ग्रुपवर मेसेज टाकला, ‘मुलीला ताप आहे, येणं कॅन्सल.’

आपली माणसं तुम्ही ओळखताच. संध्याकाळपर्यंत दारात मुगाच्या खिचडीचे सहा डबे आले. धडधाकट मुलगी खोलीत रडतेय, बायको फ्रीजमध्ये जागा करतेय आणि मी दारात उभा राहून लोकांना ताप किती ते सांगतोय. सातवी आली मावशी, हात हलवत. तिने मुलीचा चेहरा पाहिला, मग माझा पाहिला.

“ताप कोणाले आला? हिले का तुले?”

बायकोने सगळं सांगून टाकलं. मावशीने मुलीला एकच प्रश्न विचारला, “पकडल्यावर पहिला फोन कोणाले केला?”

“फ्रेंडला,” मुलगी म्हणाली. “बाबाला केला असता तर ही वुड हॅव फ्रीक्ड आउट.”

मला हे त्या चोरीपेक्षा जास्त लागलं.

मावशी मला घरामागच्या लाकडी डेकवर घेऊन गेली. “कोर्टाचं मी समजावते. पहिलीच चूक आहे, एखादा क्लास करावा लागेल, थोडं सेवेचं काम करावं लागेल. तुझं काम वेगळं आहे. पुढच्या खेपेले हिचा पहिला फोन तुले आला पाहिजे.”

“पुढच्या खेपेला म्हणजे? ही पुन्हा चोरी करणार?”

“चोरी नाही करणार. पण काही ना काही तर करनच. माणूस आहे ना.”

त्या रविवारपासून आम्ही बापलेक मावशीच्या स्वयंपाकघरात. मुलीने बोलायचं आणि मी लसूण सोलायचा, असा नियम. “हात कामात असले की तोंड जरा उशिरा सुटते,” मावशी म्हणाली. पहिल्या दिवशी मी चार पाकळ्या सोलल्या आणि तीन भाषणं दिली. मावशीने आणखी तीन गड्डे पुढे सरकवले. असे पाच-सहा रविवार गेले. मग एकदा मुलगी आपणहून सांगू लागली, की शाळेत जेवायला तिच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं, आणि ज्या मुलींनी बसवून घेतलं त्यांनी लिपस्टिक उचलून आणायची पैज लावली होती. माझ्या घशापर्यंत बरंच काही आलं. मी सोलत राहिलो. तिचं बोलून झालं तेव्हा वाटी भरली होती.

मावशीच्या लसणाच्या लोणच्याची गावभर वाहवा होती. तो लसूण कुणाकुणाच्या बापांनी बसून सोलला होता, हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती मुलाकडे, जॉर्जियातल्या अल्फारेटाला गेली आणि तिथेच एका पहाटे झोपेत गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, आम्ही सगळे तिच्या मॉरिसव्हिलच्या घरी जमलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि कुणीतरी तो सिनेमा लावला. या वेळी तो सलग शेवटपर्यंत चालला. पोरगा पकडला जातो, आई भेटायला येते, संपलं. “एवढंच होतं होय?” काका म्हणाले. सगळे हसले. मला मात्र तिची फार आठवण आली, आणि मी चपला घालून अंगणात जाऊन उभा राहिलो.

परवा दुपारी ऑफिसात मीटिंग चालू असताना मुलीचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

“बाबा, फ्रीक आउट होऊ नको. मी रिव्हर्स घेताना समोरच्यांच्या मेलबॉक्सला गाडी ठोकली. आय ॲम फाइन. मेलबॉक्स आडवा झालाय.” मग म्हणाली, “आईला पण नाही सांगितलं अजून. तुलाच पहिला कॉल केला.”

“आलोच,” म्हटलं. लॅपटॉप उचलायला आत गेलो, तर हसू काही केल्या आवरेना. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, काही चांगली बातमी का? मी म्हटलं, हो, मुलीने गाडी ठोकली.

या बातमीवर माझ्याकडे पेढे मागितले असते असं जगात एकच माणूस होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसलो, आणि निघण्याआधी मिनिटभर तिच्यासाठी एकटाच हसत राहिलो.