वर्ध्यात बसून पहाड मोजताना

आमच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट एक पान पुढे सरकायला महिना घेतो. किस्से मात्र रोज सकाळच्या चहाआधीच तयार असतात! त्यामुळे कुणी विचारलं, तुम्ही नेमकं करता काय, की आम्ही किस्साच सांगतो.

आम्ही चौघं. सर, वैशालीताई, मशिनी बसवणारे मडावी भाऊ आणि मी. वर्ध्यातल्या एका कॉलेजची मागची खोली हे आमचं ऑफिस. काम हिमालयातलं. तिथे मोठा भूकंप झाला, एक गाव अर्धं पडलं. घरं त्याच जागी बांधायची की गावच हलवायचं, हे गावकऱ्यांना ठरवायचं होतं. जमिनीतली भेग गावाखालून जाते की नाही, ते आम्ही सांगायचं होतं.

रोहणा गावच्या माझ्या आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं. "पहाड तिकडं, तू इकडं. मंग तुले दिसते काय?"

वैशालीताईनं समजावलं, "आत्या, मोठ्या भूकंपानंतर बारके धक्के येत राह्यतेत. धक्का जमिनीत जिथं झाला, तिथं आमी एक ठिपका देतो. ठिपके जमले का भेग दिसते."

"म्हंजे रांगोळीच हाय," आत्या म्हणाली. "मंग याचा पगार काऊन देतेत?"

*

पहाडात नेण्याआधी धक्के नोंदवणारी एक मशीन वडनेरला माझ्या मामाच्या वावरात पुरून तपासली. रोज दुपारी चारला थरथर. वेळ ठरलेली! "वडनेरखाली काहीतरी आहे," म्हणत सर दोन दिवस नकाशे उलटत बसले. तिसऱ्या दिवशी आम्ही चारला वावरातच जाऊन बसलो.

मामाचा बैल आला आणि मशीनजवळच्या कडुलिंबाला पाठ घासू लागला. स्क्रीनवर थरथर सुरू!

मामा म्हणाला, "सायब, मले विचाराचं ना. तो पाणी पिऊन आला का घासतेच."

*

दोन मशिनी अमरावतीहून उसन्या घेतल्या. पहाडाकडची गाडी पकडायला नागपूरला जाताना कारंज्याच्या ढाब्यावर थांबलो, तर मडावी भाऊ खोकं मांडीवर घेऊनच जेवायला बसले.

ढाबेवाल्यानं विचारलं, "काय हाय यात?"

"भूकंप मोजाची मशीन. हलली नाई पाहिजे."

"हलाचंच नाई, त मोजाची कशी?"



*

भाऊ पहाडात असताना वहिनी रोज ऑफिसात फोन करायच्या. "सर, धक्के कमी झाले का?"

इकडे सरांचा जीव टांगणीला. धक्के आटले, तर ठिपके कुठून आणायचे? एक दिवस बोलून गेले, "हो वहिनी, दुर्दैवानं बरेच कमी झालेत."

वहिनी म्हणाल्या, "सर, यायले वापस पाठवा अन् तुमीच जाऊन बसा तिथं!"

सरांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन मला घ्यायला लावला.

*

नकाशावर डावीकडचे ठिपके छान जमले. उजवी बाजू कोरी, आणि गाव नेमकं उजवीकडे! पहाडातल्या आठ मशिनींपैकी सगळा भार सात नंबरच्या मशीनवर. ती गावातल्या पुरणसिंगच्या अंगणात पुरली होती. त्याचं घर भूकंपात तडकलं होतं, पण उभं होतं.

मडावी भाऊंनी परत येऊन सांगितलं, "म्या त्याले बजावून सांगतलं. मशीनपाशी आदमी नाई, भैंस नाई, मुर्गी बी नाई पाहिजे!"

सातचं रेकॉर्ड येऊ लागलं आणि आम्ही थक्क. ना पावलं, ना गुरं, ना कांडणं. इतकी शांतता आमच्या खोलीत सुट्टीच्या दिवशीही नसते! बारीकसा धक्काही स्वच्छ दिसायचा. आठवडाभरात उजवीकडे ठिपके भरू लागले.

सरांना शंका आली. "मडावी, तिथे कुणी राहतं ना?"

भाऊंनी फोन लावला. पुरणसिंग बायकोमुलं, म्हैस, कोंबड्या घेऊन खालच्या शेतात ताडपत्रीखाली राहायला गेला होता. साहेबांनीच सांगितलं होतं ना, कुणी नको म्हणून!

सरांना फार लाज वाटली. "अरे, थंडीत पोरं! आधी त्याला घरी जायला सांगा." भाऊंनी सांगितलं. पुरणसिंग म्हणाला, उद्या सामान नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही मशिनींवर मोठा धक्का दिसला. त्यानंतर काही सेकंदांत आणखी एक, फक्त सातवर. मग सातची नुसती सरळ रेघ.

भाऊ सारखा फोन लावत होते, लागत नव्हता. वैशालीताई डोळे पुसत होती. मला सरांकडे बघवत नव्हतं.

दुपारी पुरणसिंगचाच फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला.

"साब, हम सब खेत में थे, ठीक हैं. पर सुबह घर बैठ गया. ज़मीन बहुत हिली, साब. आपका रिकॉर्ड ख़राब तो नहीं हुआ?"