आमच्या रविवारची नेब्बिओलो

गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि माझं मनगट घट्ट धरलं. नागपूर स्टेशनावर त्या दिवशी दोन्हीकडची माणसं मला पोचवायला आली होती. माझे यजमान मधुकर वर्षभर आधीच इटलीला गेले होते. नागपूरच्या कारखान्यानं त्यांना मशीनचं काम शिकायला पाठवलं आणि तोरीनो शहरातल्या एका वर्कशॉपनं त्यांना ठेवूनच घेतलं. आता मी निघाले होते, भिवापुरी तिखटाचा डबा मांडीवर घेऊन.

"तिकडं समदे दारू पेतेत म्हंते," सासूबाई म्हणाल्या. "माया लेकानं मले शब्द देल्ला हाय. तू ध्यान ठेवजो वं."

मी मान हलवली. गाडी हलली. माझे वडील, आबा, मागे उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला.

नागपूरला प्रताप नगरात आमच्या मागच्या आळीत एक माणूस मोहाची दारू पिऊन बायकोला मारायचा. तो आमच्या दारावरून गेला की तो आंबूस वास कितीतरी वेळ अंगणात राहायचा. दारू म्हणजे माझ्यासाठी तो वास आणि त्या बाईचं रडणं. त्यामुळे तोरीनोच्या आमच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं आणि टेबलावर अर्धी बाटली दिसली, तेव्हा मी पेटीसुद्धा उघडली नाही.

"वसू, हे दारू नाही वं," मधुकर म्हणाले. "इथं जेवनात घेतेत, आपन ताक घेतो तसं."

"आईंना हेच लिहू का?"

त्यांनी बाटली उचलून कपाटात ठेवली. त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही फार कमी बोललो. बाहेर सदा धुकं, आत कोळशाची शेगडी, आणि मला कुणाची भाषा येत नव्हती.

खालच्या मजल्यावर पिएरो आणि त्याची बायको रोझा राहायचे. पिएरो मधुकरांच्याच वर्कशॉपमधला, वयानं मोठा. एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. पिएरोच्या गावाकडच्या डोंगरउतारावर नेब्बिओलो नावाची द्राक्षं होतात, त्यांची वाइन त्याच्या भावानं केली होती. रोझानं माझ्यापुढे पेला ठेवला आणि नाही म्हणायला माझ्याकडे शब्द नव्हते. रंग इतका फिका, की मला वाटलं यात पाणी घातलंय. घोट घेतला तर अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. मी तोंड वाकडं केलं, पिएरो खो खो हसला आणि त्यानं मांसाचा एक तुकडा माझ्या ताटात टाकला. तो खाऊन पुन्हा घोट घेतला, तर तुरटपणा मवाळ झाला होता आणि वाळल्या गुलाबाचा वास आला. मागून थोडा डांबराचाही. मोहाचा वास मात्र कुठेच नव्हता.

त्या दिवसानंतर आमच्याकडे रविवारी एक बाटली यायला लागली. पिएरो मला भाषा शिकवायचा ती बहुतेक वाइनमधूनच. नेब्बिया म्हणजे धुकं. धुकं उतरतं तेव्हा ही द्राक्षं पिकतात. याच द्राक्षाची बारोलो श्रीमंतांच्या टेबलावर जाते. आमची मात्र शेजारच्या उताराची, कोवळ्या वेलांची, लाकडी पिपांत फार वर्षं न ठेवलेली. म्हणून आम्हाला परवडणारी. बाटली जेवणाआधी उघडून ठेवायची, घाई करायची नाही. रंगावर जायचं नाही. आणि मीच शोधून काढलं, की हिच्याबरोबर आपला झणझणीत रस्सा चालत नाही, तोंडाची आग दुप्पट होते. पण वरणभात आणि भातावर भरपूर तूप असेल, तर हिच्यासारखी सोबत नाही.

सुट्टीत नागपूरला गेले तेव्हा लकडगंजात आबांच्या दुकानात बसून मी त्यांना हे सगळं सांगितलं. सासूबाईंना सांगायचं धाडस झालं नव्हतं. आबा मिरचीची पोती बघत होते. रागावतील असं वाटलं, पण ते इतकंच म्हणाले, "सस्त्याले नावं ठेवू नोको पोरी. पन थे सस्तं काहून हाय, थे इचारजो."

ती सगळ्यात चांगली वर्षं होती. मुलगी झाली, तिचं नाव मीरा. मग मोठ्या कारखान्यांनी माणसं कमी केली आणि त्यांच्या जिवावर चालणारं आमचं वर्कशॉप बंद पडलं. पिएरोचं हृदय त्याच हिवाळ्यात थांबलं. मधुकरांना एका गोदामात सामान उचलायचं काम मिळालं. त्यांचे हात मशीनच्या कामाला सरावलेले होते. संध्याकाळी ते हात उलटे-पालटे करून बघत बसायचे. तरी रविवारची नेब्बिओलो आम्ही सोडली नाही. आता ती डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेतून आणायचो. तेवढ्या एका जेवणापुरतं घर पूर्वीसारखं वाटायचं.

एकोणीसशे शहाऐंशीच्या मार्चमध्ये गोदामातला एक सोबती निवृत्त झाला. दुपारी कुणीतरी दुकानातून वाइनच्या मोठ्या बाटल्या आणल्या, सगळ्यात स्वस्त त्या. मधुकरांनी सोबत्याच्या मानासाठी पेला घेतला, पुन्हा भरला तेव्हा नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून ते घरीच राहिले. मी स्वयंपाकघरात होते.

"वसू," त्यांनी हाक मारली, "बाहेर बर्फ पडून राहिला काय?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

"समदं पांढरं दिसून राहिलं," ते म्हणाले.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता. त्यांनी तो बोटांनी चाचपला. रात्री शुद्ध गेली आणि परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, मेथिल अल्कोहोल. पातळ वाइन कडक वाटावी म्हणून कुणीतरी ते तिच्यात ओतलं होतं, खऱ्या अल्कोहोलपेक्षा ते स्वस्त पडतं म्हणून. मग रेडिओवर रोज बातम्या यायला लागल्या, आणखी माणसं गेल्याच्या. रोझानं घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. पिएरोच्या भावाच्यासुद्धा.

मी अस्थी आणि मीराला घेऊन नागपूरला गेले. रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यात विसर्जन केलं. तेरवीच्या पंगतीत मागून कुजबूज ऐकू येत होती, "दारूनं गेला म्हंते." सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

"खरं सांग. पेत होता काय?"

"हो आई. जेवताना, एखादा पेला. मीसुद्धा घ्यायची. ते दारुडे नव्हते. त्या बाटलीत विष होतं."

त्यांनी माझं मनगट धरलं. "मंग तुले काहून नाही झालं?"

त्यांनी लेक गमावला होता. त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं आणि समोर मीच होते. दीर म्हणाले, "वैनी, आता इथंच राहा, मीरालेही इथंच शाळेत टाकू." ते मनापासून म्हणत होते. पण त्या घरात मधुकर म्हणजे आता दारूनं मेलेला मुलगा होता. मीरानं ते रोज ऐकत मोठं व्हायला मला नको होतं. आम्ही दोघी तोरीनोला परत आलो.

आता मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्याच वर्षी शरद ऋतूत द्राक्षं उतरवून झाल्यावर मीराला घेऊन सहकारी संस्थेत गेले. वाटेत धुकं होतं. आत मागच्या सालच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या. त्या विषाच्या बातम्यांनंतर आमच्या पिएमोन्ते प्रांताची वाइन कुणी घेईना. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं मधुकरांची चौकशी केली. मी सांगितलं. त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली.

"तरी तुम्ही घ्यायला आलात, सिन्योरा?" त्यानं विचारलं.

"घ्यायला आले," मी म्हटलं.

त्यानं एक बाटली उघडली, दोन पेले भरले. आधी आपला पेला उचलला, माझ्याकडे बघत पूर्ण प्यायला आणि रिकामा पेला टेबलावर उपडा ठेवला. मीरानं माझा हात धरला होता. मी तो सोडवला आणि घोट घेतला. जीभ आखडली, डोळे भरून आले, आणि त्या म्हाताऱ्यानं मला रडू दिलं. काय झालं, कसं झालं, एक शब्दही विचारला नाही.

नागपूरच्या माझ्या माणसांनो, राग मानू नका. तुम्ही विचारता ना, परत कधी येणार. माझं घर आता इथं आहे.