वाफवलेली माती

इस्पितळात त्यांना सगळे वाफवाले म्हणायचे, आणि त्यात चेष्टा कमी, धाक जास्त होता. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, कपडे, सगळं त्यांच्या हातून वाफेच्या टाकीत जायचं आणि निर्जंतुक होऊन बाहेर यायचं. उभी हयात त्यात गेली. जंतू म्हटलं की कपाळावर आठ्या, आणि बुरशी म्हटलं तर बघायलाच नको! असा माणूस घरात असला की काय होतं ते घरच्यांनाच विचारावं. पण विचारणार कुणाला? बायको वारली, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि निवृत्त झालेले वाफवाले दोन खोल्यांत एकटे उरले.

मागे एक अंगण होतं, आणि अंगणात बायकोनं लावलेलं गवत. तिचा जीव होता त्याच्यावर. तिचे कपडे मुलीनं वाटून टाकले, चष्मा कुठे गेला कोण जाणे. तिच्या हातचं, जितंजागतं म्हणावं असं एवढंच राहिलं होतं. ते काही झालं तरी जपायचं, असं वाफवाल्यांनी मनाशी ठरवलं.

आता जपायचं म्हणजे या माणसानं काय करावं? पहिल्या हिवाळ्यात कडेचं थोडं गवत करपलं, तशी त्यांनी तिथली माती खणली, घरातल्या मोठ्या पातेल्यात चाळणीवर ठेवून छान वाफवली, गार केली, परत घातली आणि वर नवं बी पेरलं. धन्य तो गृहस्थ! घरभर कुबट वास सुटायचा, पण यांना वाटायचं, आता कसं स्वच्छ झालं. त्या मातीत गवत उगवायचं, उन्हाळाभर बरं दिसायचं, आणि कडाक्याची थंडी पडली की झोपायचं ते उठायचंच नाही. मग शेजारचा पट्टा वाफवायचा. असं करत करत दर हिवाळ्याला गवत मागे सरत गेलं.

“बाबा, पुरे झालं आता,” मुलगी फोनवर म्हणाली. “गुडघे धरून बसता नि पुन्हा खणायला जाता. सरळ फरशी घालून घ्या.”

“यंदाचा हिवाळा बघतो. यंदा गेलं तर घालतो फरशी. शब्द देतो.”

शब्द दिला खरा, पण पाचावर धारण बसली. थंडी तोंडावर आली होती. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी गवताची रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. बाई तोंडाच्या फटकळ. त्यांनी अंगण बघितलं, पातेलं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“काका, माती शिजवलीत? कुणाला वाढायची होती?”

“स्वच्छ केली. बुरशीचा वास मारत होता तिला.”

“अहो, सगळीच बुरशी वाईट नसते! एक बुरशी मुळांत घर करते, डोळ्यांना दिसणार नाहीत असे धागे लांबवर सोडते, आणि मूळ पोचत नाही तिथलं पाणी, स्फुरदासारखं खाद्य आणून देते. गवत तिला साखर देतं. असं पोसलेलं गवत थंडी सोसतं. तुम्ही त्याची सोबतच मारून टाकलीत. आणि थंडीआधी थोडं पालाश, म्हणजे पोटॅशचं खत, घाला, त्यानं पात्यांतला रस सहजी गोठत नाही.” मग बाईंनी अंगणातल्या नळाकडे बोट केलं. “हा तुकडा कसा काय हिरवागार?”

वाफवाल्यांना ठाऊक होतं. तिथलं गवत कधी मेलंच नाही, म्हणून तिथं खणावंही लागलं नाही. बायको बागकामातून उठली की ते तिला दारातच अडवायचे, नळावर पिटाळायचे. हातापायांना लागलेली अख्ख्या अंगणाची माती ती तिथं धुवायची. कधी मुद्दाम चिखलाचे हात पुढे करून हसत अंगावर यायची, आणि हे मागे सरायचे. दर वेळी! एकदाही ते हात धरले नाहीत.

“ओलीमुळे असेल. इथली माती कधी वाफवली नाही,” एवढंच ते बाईंना म्हणाले.

“मग ती बुरशी इथं जिवंत आहे. इथली माती मुळांसकट उचला नि सगळीकडे लावा. पण आधीच सांगते, उचललंत की हेही दुखावणार. थंडी जोरात आली तर दोन्हीकडचं जाईल. बघा बाबा, तुमचं तुम्ही.”

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग ते नळापाशी बसले. हातमोजे घातले, काढले, आणि उघड्या हातांनी माती उचलली. काळी, ओली माती नखांत गेली. मुठीमुठीनं त्यांनी ती पट्ट्यापट्ट्यात लावली, पालाश टाकलं, पाणी दिलं.

थंडी आली ती हाडं फोडत. अंगण पांढरंफटक पडलं. नळापाशीचं गवतसुद्धा पिवळं पडून आडवं झालं. मुलीनं विचारलं की ते “बघू” म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

थंडी ओसरल्यावर एका सकाळी ते अंगणात उकिडवे बसले. वाळकी पाती बोटांनी बाजूला केली. खाली हिरवं होतं. पलीकडच्या पट्ट्यात बघितलं, तिथंही. पार कुंपणापर्यंत, विरळ असेल, पण हिरवं!

“अगं ए!” त्यांनी जुन्या सवयीनं घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. “जगलं बघ गं! लवकर बाहेर ये!”

दार उघडंच होतं. तिच्या येण्याची वाट बघत ते तिथंच उभे राहिले.