मापावरची शीग

"देसाई, एका वाक्यात सांगा. बाजार स्वस्त आहे की नाही?" मॅनेजरसाहेबांनी रिपोर्ट न उघडताच विचारलं.

"फरक दिसत नाही, साहेब."

तीन महिने दारोदार फिरून एवढंच हाती लागलं होतं. पायांचे तुकडे पडले होते.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. कोल्हापुरातल्या एका कारखान्यात मी स्टॅटिस्टिशियन होतो. कामगारांची मागणी साधी होती. पगार महिन्याला नको, आठवड्याला द्या, तोही बाजाराच्या आदल्या दिवशी. पैसा संपत आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज शेरभर ज्वारी आणावी लागते, ती महाग पडते. साहेब म्हणाले होते, "आकड्यांनी दाखवा, देतो."

मी घरांचे तीन गट केले: रोज दुकानातून घेणारी, आठवडी बाजारातून घेणारी आणि महिन्याचं एकदम भरणारी. मग केलं अनॅलिसिस ऑफ व्हेरियन्स. नाव जड, काम सरळ. एकाच गटातल्या घराघरांतही शेराला पडणारा भाव कमीजास्त होतोच. गटागटांतला फरक त्याहून बराच मोठा निघाला, तरच तो खरेदीच्या सवयीमुळे म्हणायचा. शेराचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच निघाला. मागणी फेटाळल्याची नोटीस गेटवर लागली.

दुसऱ्या दिवशी पॅकिंग खात्यातल्या आक्काताई माझ्या टेबलाशी आल्या. गडमुडशिंगीहून रोज चालत येणारी बाई. त्यांनी पिशवीतून पत्र्याचं शेराचं माप काढलं, ज्वारीनं भरलं आणि वरून हात फिरवून सपाट केलं.

"ह्यो दुकानातला शेर." मग वर आणखी ओंजळ ओतली. ज्वारीचा ढीग उभा राहिला. "आन् ह्यो बाजारातला. तितं शीग लावून देत्यात की! तुमी काय मोजलंसा, सायेब?"

मी भाव मोजला होता. त्या भावात ज्वारी किती येते, ते बघितलंच नव्हतं.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुटं? तुमी भाव इचारला, आमी भाव सांगितला." टेबलावर सांडलेला दाणा न दाणा वेचून त्या गेल्या.

पुन्हा तीच घरं. या वेळी तागडी घेऊन गेलो, ज्वारी वजन करून घेतली. सगळ्या बेरजा, आकड्यांचे सगळे वर्ग हातानं नव्यानं केले. आता फरक ढळढळीत होता. बाजारच स्वस्त.

साहेबांनी नवे कागद परत सरकवले. "पहिला रिपोर्ट मालकांनी सही करून फाइल केलाय. आता काय सांगू, आमच्या माणसाला शेर माहीत नव्हता?"

"हो, तसंच सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. पगार महिन्यालाच राहिला.

आक्काताईंना सांगायला मीच गेलो.

"म्हंजे चुकलासा तुमी," त्या म्हणाल्या, "आन् सपाट शेर आमच्या पदरात व्हय?"



सर्व्हेचा फॉर्म छापण्याआधी माप टेबलावर ओतून बघावं. पुढं नोकरीभर मी ते न चुकता केलं. आक्काताईंना त्याचा काही उपयोग झाला नाही.