घराखालची ओल

बापानं कुऱ्हाड उलटी धरून माझ्या डोक्यात हाणली, म्हणून आम्ही जबलपूरला आलो. एवढीच गोष्ट आहे. पुतण्यांनो, तुमच्याकडे ती वेगळी सांगतात, की मी शहराच्या नादानं गेलो. साफ खोटं आहे.

माझी बायको सुशीला तेव्हा बाळंत झाली होती. श्रावण चालू होता. वरुडकडची आपली काळी जमीन, तिच्यावर मातीचं घर, आणि त्या जमिनीवर तिला निजवलेलं. अंगाखालची वाकळ पिळली तर पाणी निघावं, अशी ओल. तापानं ती फणफणून राहिली होती. मी बाजारातून बाज आणली. बाप म्हणाला, "आपल्या घरात बाया खालीच झोपतात. हातभर वर झोपली तं का राणी होते का ते?" आणि त्यानं कुऱ्हाड घेऊन बाजेचे पाय तोडले, ती वर निजलेली असताना. मी त्याचा हात धरला. मग त्यानं मला हाणलं.

आई दारात उभी होती. रडली नाही. म्हणाली, "रक्त पुसून जाय. गावाले तमाशा नको दाखवू." मी पुसलं नाही. एका हातात पेटी, सुशीलाच्या कुशीत नुकती जन्मलेली मीना, आणि माझ्या सदऱ्यावर रक्त. एसटीत कोणी आमच्या बाजूला बसलं नाही.

जबलपूरला सुशीलाचे मामा फॅक्टरीत होते. त्यांनी मला एका ठेकेदाराकडे लावलं. सिविल लाइंसमधल्या साहेबांच्या जुन्या बंगल्यांची डागडुजी तो करायचा. तिथं मी पहिल्यांदा पाहिलं की जमिनीला न टेकताही घर बांधता येतं. खाली दोन हात उंचीची पोकळी, वर साल झाडाच्या लाकडाच्या तुळया, त्यांच्यावर फळ्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींना हवेसाठी जाळ्या. इकडून वारा शिरतो, तिकडून निघतो, आणि ओल वर चढत नाही. पण जाळ्या बुजल्या की सगळं सडतं. ते सडलेलं काढायला माणूस लागतो, आणि तो पोटावर सरपटत जातो. तो माणूस मी होतो.

अंधारात चिखल, मेलेले उंदीर, आणि फळ्यांना खालून पिंजलेल्या कापसासारखी बुरशी. मी ती खरवडत नव्हतो, मारत होतो. खरं सांगतो, त्या अंधारात मला बाप दिसायचा. कोपरं सोलून निघायची. इथं दोस्ताला बड्डे म्हणतात आणि बुरशीला फफूंद. मिस्त्री वरून ओरडायचा, "काय बड्डे, फफूंद से पुरानी दुश्मनी है का? धीरे मार, साहब का पलंग हिल रहा है!" खरवडून झालं की कळीचा चुना मारायचा, पाण्याला बाहेर जायला चर खोदायचा, जाळ्या मोकळ्या करायच्या. बाहेर आलो की लोक नाक दाबत. सुशीलानं कधी दाबलं नाही. अंगणात बसवून डोक्यावर पाणी ओतायची आणि विचारायची, "आज कोणाले मारून आला?"

पुढे कांचघर मोहल्ल्यात जागा घेतली, तेव्हा मी तसंच घर बांधलं. पाडलेल्या बंगल्याच्या फळ्या आणल्या, खाली पोकळी ठेवली. मोहल्ला हसला. "मराठा का बंगला" म्हणत. हसू दे. सुशीला आणि मीना वर्षानुवर्षं कोरड्या जमिनीवर झोपल्या. तुमच्या घरात आता टाइल्स आहेत असं ऐकलं. चांगलं आहे. तेव्हा एक बाज चालली नाही.

दरवर्षी पावसाच्या आधी मी खाली शिरून सगळं साफ करायचो. मग गुडघे गेले. आणि गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या रज्जननं दोन घरांमधल्या बोळीत सिमेंटचा ओटा बांधला, दुकानाचं सामान ठेवायला. ओट्याबरोबर त्यानं माझ्या भिंतीच्या जाळ्याही बुजवल्या. सुशीला त्याला सांगायची, "रज्जन बेटा, जालियां खोल दे." तो म्हणायचा, "हओ काकी." गोड बोलायचा. काकी म्हणून तिच्या हातची ज्वारीची भाकर खायचा. जाळ्या उघडल्या नाहीत. सगळा पावसाळा ती खोकली. डॉक्टर म्हणाला, छातीला ओल बाधते. रज्जन तिला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन जायचा, तोच रज्जन. ती गेली तेव्हा खांदाही त्यानं दिला.

आपल्यात माणूस जिथं जातं तिथं दिवा ठेवतात, आणि बाजूला पीठ पसरून त्यावर टोपली झाकतात. पिठावर पाऊल उमटलं की कळतं, पुढचा जन्म कोणता. तुम्हाला हे सांगायला नको. मीना पुण्याहून आली होती, तिला माहीत नव्हतं. शेजारच्या मराठी बायांनी तिला समजावलं.

दहाव्याला ग्वारीघाटावर नर्मदेत पिंड सोडून आलो आणि टोपली उचलली. पिठावर हिरवट काळी, तीन बोटांची खूण. बाया ओरडल्या, "चिमणी! चिमणीचा पाय!" मीना रडता रडता हसली. "बाबा, देखो ना, आई चिमणी झाली."

मी बोट लावून वास घेतला. तोच वास. तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. फळ्यांच्या फटीतून बुरशी वर आली होती, माझ्या बायकोच्या पिठात, ती जिथं मेली तिथं.

घण उचलला आणि बोळीत गेलो.

पहिल्या घावात ओट्याची कड उडाली. दुसऱ्यात सामानाची खोकी खाली आली. रज्जन धावत आला. "कक्का, पागल हो गए का! काकी को मरे अभी कितने दिन हुए!" मी म्हटलं, "इसीलिए तोड़ रहा हूँ." त्यानं मागून धरलं. मी कोपर मारलं. त्यानं तोंडावर बुक्की मारली, माझा पुढचा दात गेला. मी घणाचा दांडा त्याच्या हातावर हाणला. तो कळवळून खाली बसला आणि ओरडला, "चूहे आते थे, कक्का! तुम्हारे ही नीचे से! मेरी मुन्नी का पैर काट लिया था!" हे मला माहीत नव्हतं. तरी मी थांबलो नाही. भिंतीपर्यंत फोडत गेलो आणि जाळ्या मोकळ्या केल्या. आतून जो वास आला त्यानं जमलेले लोक मागं सरले.

मग मागच्या छोट्या दारातून मी खाली शिरलो. गुडघ्यांची पर्वा केली नाही. तिच्या खाटेच्या बरोबर खाली फळ्या भिजून पांढऱ्या झाल्या होत्या. फटीतून दिव्याच्या उजेडाची एक रेघ दिसत होती. वर बाया बोलून राहिल्या होत्या. तिचा आवाज तेवढा नव्हता. मला काय झालं कोण जाणे, मी मुठीनं खालून फळीवर हाणलं. पुन्हा पुन्हा हाणलं. बोटांची साल फुटली, रक्त निघालं. वर काहीतरी आडवं झालं.

मीना किंचाळली. "बाबा! दिवा पडला! काय झालं? आप ठीक हो ना?"

मी मूठ खाली घेतली. मग म्हणालो, "लाव परत. मीच हाव."

तेरावं झाल्यावर मीना म्हणाली, "बाबा, काहून राहता इथे? सब सड़ गया है. चलो ना पुण्याला. सातव्या मजल्यावर ओल येत नाही." वाईट बोलली नाही ती. पण सातव्या मजल्यावर खाली सहा घरं, आणि त्यांतलं एकही आपलं नाही. मी म्हटलं, पाहू. ती गेली.

तेव्हापासून मी रोज दुपारी खाली जातो. सडलेल्या फळ्या काढून राहिलो, चुना मारून राहिलो. खालून ठोकलं तर वरून आता कोणी विचारत नाही. पहिले दिवस त्या गप्प घरानं मला फार मारलं. बापानं मारलं त्याहून जास्त.

परवा एक खिळा निघत नव्हता. दम लागला, म्हणून हातोडा ठेवून पडून राहिलो. डोळा लागला असावा. जाळीतून आवाज आला, चिडलेला. रज्जनचा. हाताला अजून पट्टी होती, ती जाळीतून दिसली.

"ओ कक्का! ठोका-पीटी काहे बंद हो गई? मर तो नहीं गए?"

"मर जाता तो तुझे ही उठाना पड़ता," मी म्हटलं. "एक हाथ से कैसे उठाता?"

"घसीट के ले जाता," तो म्हणाला. जाळीची भोकं बोटानं चाचपली, मग म्हणाला, "जाली में बारीक तार लगा दो, चूहे नहीं आएंगे. मेरी दुकान में पड़ी है." आणि गेला. माफी त्यानं मागितली नाही, मीही नाही. ओटा तुटलेलाच आहे.

संध्याकाळी मीनाला फोन करून सांगितलं, येत नाही. ती विचारते, "तिथे आता कोण आहे तुमचं?" काय सांगू? गावात मी रक्त गाळत निघालो तेव्हा एक दार उघडलं नाही. इथं माझा हातोडा थांबला, तर ज्याचा हात मी फोडला तो कान देऊन बसला होता. मला आता घर म्हणजे एवढंच कळतं. तार आणली आहे. उद्या लावीन.